लाकडी फर्निचरची चीर: फेविकॉलची बाटली उघडण्याआधी आणि नंतर

मार्चमधली रात्र होती. अडीचच्या सुमाराला हॉलमधून फटाका फुटावा तसा आवाज आला. उठून दिवे लावले, खिडक्या पाहिल्या, काही सापडलं नाही. सकाळी चहाचा कप ठेवायला गेले तर आजोबांच्या टेबलाला मधोमध चीर. चांगली हातभर लांब आणि रुपयाची चार-पाच नाणी एकत्र उभी सरकतील एवढी रुंद.

हे टेबल पन्नासहून जास्त वर्षं गिरगावातल्या चाळीत सताड उघड्या खिडकीखाली उभं होतं. त्याच्यावर इस्त्री झाली, दिवाळीचे लाडू वळले गेले, तीन मुलांच्या दहावी-बारावी झाल्या. पावसाची झड लागली की फडक्याने पुसायचं, एवढीच त्याची निगा. तिथे त्याला काही झालं नाही आणि कांदिवलीच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्याच उन्हाळ्यात ते फाटलं. घरच्यांनी एसीला दोष दिला. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं टेबल उलटं केल्यावर दिसलं. घर बदलताना पॉलिशला दिलं होतं, तेव्हा कारागिराने 'मजबुतीसाठी' म्हणून फळ्यांच्या खालून आडव्या दोन लोखंडी पट्ट्या स्क्रूने गच्च आवळून ठेवल्या होत्या.

चीर बुजवणं फारसं कठीण नाही. ती परत पडू नये हे कठीण, आणि ते काम बहुतेक वेळा फर्निचरच्या खालच्या बाजूला असतं, जिथे कोणी बघत नाही. इथे मी भरीव लाकडाबद्दल लिहिते आहे: साग, शिसव, शिसम, आंबा. प्लायवर विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेल्या फर्निचरची दुखणी वेगळी.

लाकूड फाटतं का

झाड तोडून शंभर वर्षं झाली तरी लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. हवेची आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड हळूहळू साधारण ९ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं. ६५ टक्क्यांना १२ वर, ८५ टक्क्यांना १७-१८ वर. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवा ८५ च्या आसपास असते, आणि रात्रभर एसी चालणाऱ्या बंद खोलीत ती ५० पर्यंत उतरू शकते. म्हणजे एकाच घरात दिवाणखान्यात पावसाळा आणि बेडरूममध्ये नागपूरचा हिवाळा.

ओलावा बदलला की लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. साग हे त्यातल्या त्यात शांत लाकूड. तरीही ओलाव्यात १ टक्का फरक पडला की आडव्या कापाच्या (वाढीच्या वर्तुळांना समांतर कापलेल्या) सागवानी फळीची रुंदी साधारण ०.२ टक्क्यांनी बदलते. अडीच फूट, म्हणजे ७६० मिलिमीटर रुंदीचं टेबल १६ टक्क्यांवरून १० वर आलं तर ते ९ मिलिमीटर आकसायला बघणार. खालची लोखंडी पट्टी मात्र तसूभर हलत नाही. दोन्ही कडांचे स्क्रू लाकडाला धरून बसलेले. मग ते जिथे सगळ्यात कमजोर असेल तिथे फाटतं, आणि रात्री अडीचला आवाज येतो.

चाळीत हे झालं नाही, कारण तिथे बदल सावकाश व्हायचा, आणि मूळच्या मेस्त्रींनी टेबलाची वरची फळी चौकटीला लहान लाकडी ठोकळ्यांनी धरली होती. ठोकळ्याचं एक टोक चौकटीच्या खोबणीत नुसतं अडकलेलं, दुसरं फळीला स्क्रूने बसवलेलं. फळी फुगली की ठोकळा खोबणीत सरकायचा. पॉलिशवाल्याने ते ठोकळे काढून पिशवीत भरून आम्हाला परत दिले होते. 'फालतू आहेत' म्हणाला होता!

आधी चीर ओळखा

बॅटरी तिरपी धरून बघा आणि चिरेवरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल, जाळीसारख्या बारीक रेघा सगळीकडे पसरलेल्या असतील, तर चीर लाकडाला नाही, पॉलिशला आहे. त्याला पॉलिश पेपर आणि नवं पॉलिश पुरे.

फळीच्या टोकाला, जिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, तिथून आत शिरणारी चीर सगळ्यात जास्त आढळते. टोकाकडून ओलावा सपाट बाजूच्या दहा-बारा पट वेगाने सुटतो, म्हणून टोक आधी सुकतं आणि आधी फाटतं. दोन फळ्यांच्या जोडावर अगदी सरळ रेषेत गेलेली फट ही खरं तर चीर नव्हेच, सांधा उकललेला असतो. तिची दुरुस्ती सगळ्यात सोपी. आणि लाकडाच्या तंतूंची रेषा सोडून वाकडीतिकडी, लाकूड चिंबून गेलेली भेग दिसली तर ती वजनाने किंवा माराने मोडलेली आहे. तिचा हवेशी संबंध नाही.

चिरेजवळ बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर तो किडा आहे. आधी त्याचा बंदोबस्त, मग बाकीचं.

मग कारण

वस्तू उलटी करा. एकट्याने नको, आणि खाली गादी घाला. आडव्या पट्ट्या, गच्च स्क्रू, फळीला सलग चिकटवलेली प्लायची तळपट्टी, खिळे असं काहीही लाकडाच्या रेषेला आडवं बांधलेलं असेल तर तोच संशयित. कपाटाच्या दारात बघा: मधली फळी चौकटीच्या खोबणीत सैल बसलेली हवी. कोणी तिला कडेने फेविकॉल लावून 'पक्की' केली असेल किंवा पॉलिशचे थर साचून ती चौकटीला चिकटली असेल, तर ती मधून फाटणारच.

मग खोलीकडे बघा. एसीचा झोत थेट कुठे पडतो? पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी तीननंतर ऊन कशावर येतं? भिंतीला पावसाळ्यात ओल येते का, आणि कपाटाची पाठ तिला टेकलेली आहे का? देव्हारा असेल तर समईची धग वरच्या फळीला किती अंतरावरून लागते? आमच्या शेजारच्या काकूंच्या देव्हाऱ्याच्या छताला बरोबर ज्योतीच्या वर चीर होती, आणि त्या दर वर्षी ती बुजवून घेत होत्या.

कारण काढून टाकण्याचे उपाय फार थोडे आहेत. लोखंडी पट्टी काढता येत असेल तर काढा. वाक थांबवायला ती लागणारच असेल तर मधला एकच स्क्रू पक्का ठेवा, बाकीच्यांची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट करा. शेजारी शेजारी दोन भोकं पाडून मधलं धातू कानशीने घासलं की लांबट भोक तयार. स्क्रूखाली वॉशर घाला, आवळा आणि पाव फेरा मागे घ्या. लाकडी आडपट्टीलाही हाच न्याय. आम्ही पिशवीतले ठोकळे शोधून काढले आणि परत लावले.

आणि मग थांबा

सगळ्यात जास्त घाई इथे होते. चीर उन्हाळ्यात पूर्ण उघडलेली असताना कडक पुट्टीने भरली, तर पावसात लाकूड फुगतं, पुट्टीवर दाबलं जातं, मिटायला जागा नाही म्हणून कडेने चिंबतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारी नवी चीर पडते. ऐन पावसात भरली तर ती त्या वेळी जवळजवळ मिटलेली असते. दिसतं छान, पण जानेवारीत परत उघडते. मुंबईसाठी मला दिवाळीनंतरचे दिवस, नोव्हेंबर-डिसेंबर, सगळ्यात बरे वाटतात. पावसाचा ओलावा ओसरलेला असतो आणि एसीचा मोसम सुरू झालेला नसतो.

तोवर चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने बारीक रेघ मारून तारीख लिहून ठेवा. रुंदी मोजायला कागदाच्या घड्या पुरतात: व्हिजिटिंग कार्ड एक जातं की दोन, ते टिपा. चीर लांबत असेल तर कारण अजून तिथेच आहे, दुरुस्ती वाया जाईल. फक्त रुंदी कमी-जास्त होत असेल तर ती हवेबरोबरची नेहमीची ये-जा. आमच्या टेबलाची चीर पट्ट्या काढल्यावर पाऊसभर मिटत गेली आणि नोव्हेंबरमध्ये निम्म्यावर येऊन थांबली.

दुरुस्ती

केसाएवढ्या चिरेला मेणाची कांडी पुरते. लाकडाच्या रंगाचं मेण हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. किंवा त्याच लाकडाचा पॉलिश पेपरने काढलेला बारीक भुसा चिरेत दाबून वर फेविक्विकचे दोन थेंब सोडा. ते क्षणात कडक होतं आणि गडद दिसतं, म्हणून शिसवीवर चांगलं, फिकट सागावर डाग वाटतो. सुतारांची आवडती भुसा-फेविकॉलची लांबी (चिरेत भरायचा लगदा) मी दर्शनी भागावर टाळते. सुकलेला फेविकॉल पॉलिश पीत नाही, त्यामुळे आजूबाजूचं लाकूड रंगतं आणि ती रेघ तशीच उघडी पडते. चपड्याच्या, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेच्या, पॉलिशमध्ये भुसा कालवून भरली तर पॉलिशशी जास्त जुळते, पण जरा जास्त वेळ सुकू द्यावी लागते आणि दोन-तीनदा भरावी लागते, कारण ती सुकताना खाली बसते.

उकललेला सांधा असेल तर पहिलं काम जुना डिंक काढणं. सुकलेल्या फेविकॉलवर नवा फेविकॉल धरत नाही; त्याला उघडं लाकूड लागतं. फेविकॉल बाजारात आलं १९५९ साली. त्याआधीच्या फर्निचरला बहुधा जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस लावलेला असतो, तो तपकिरी आणि काचेसारखा ठिसूळ दिसतो आणि गरम पाण्याच्या फडक्याने मऊ होऊन निघतो. पांढऱ्या डिंकाला गरम व्हिनेगर लावून थोडा वेळ थांबा, मग पटाशीच्या पाठीने खरवडा. लाकूड पुसून दोन-तीन दिवस पूर्ण सुकू द्या. सागात स्वतःचं तेल असतं, म्हणून चिकटवण्याच्या जरा आधी सांध्याच्या कडेवरून पॉलिश पेपर फिरवा आणि थिनरच्या फडक्याने पुसा.

त्यानंतर डिंक न लावता एकदा शिकंजे (आवळायचे क्लॅम्प) लावून बघा. फट हाताच्या दाबाने किंवा शिकंज्याच्या हलक्या आवळण्याने मिटली तर पुढे जा. पूर्ण जोर लावल्यावरच मिटत असेल तर सोडून द्या. तो जोर लाकडात कायमचा कोंडून राहतो आणि उद्या दुसरीकडून निघतो.

मिटत असेल तर दोन्ही बाजूंना पातळ, सलग फेविकॉल लावा. शिकंजे साधारण एक-एक वितीवर, आलटून पालटून वर-खाली, म्हणजे फळी धनुष्यासारखी वाकत नाही. शिकंज्याच्या तोंडाखाली लाकडाचे तुकडे, त्याखाली प्लॅस्टिकची पिशवी. कडेने मोत्यासारखे बारीक थेंब आले की दाब बरोबर. ते लगेच ओल्या फडक्याने पुसा. रात्रभर तसंच ठेवा, आणि चोवीस तास त्याच्यावर वजन नको. लांब शिकंजे नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. एका दुरुस्तीसाठी विकत घ्यायचे नसतील तर ओळखीच्या सुताराकडून दोन दिवसांसाठी आणा. खुर्चीच्या पायांसारख्या वाकड्या जागी शिकंजा बसत नाही. तिथे सायकलची जुनी ट्यूब लांब पट्टी कापून ताणून गुंडाळायची. आमचे मेस्त्री निम्मी कामं ट्यूबवरच करतात.

टोकाच्या चिरेत डिंक आतपर्यंत पोचवणं हीच मेख. मेडिकलमधली ५ मिलिलिटरची सिरिंज घ्या, फेविकॉल थोडं पाणी घालून पातळ करा, सुई चिरेत घालून भरा. दुसऱ्या बाजूने व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड लावलं तर तो आतवर ओढला जातो. क्लीनर नसेल तर जुन्या एक्स-रेच्या फिल्मची अरुंद पट्टी आत-बाहेर करून पसरवा. मग आवळा.

मिटत नाही आणि रुंद आहे, साधारण २-३ मिलिमीटरहून जास्त, अशा चिरेत लाकडी पट्टीच भरायला हवी. आमच्या टेबलाला तेच करावं लागलं. चिरेच्या कडा धारदार कटरने आणि पातळ करवतीने साफ करून वरून किंचित रुंद, खालून निमुळत्या केल्या. मग त्याच जातीच्या लाकडाची, त्याच दिशेच्या रेषांची निमुळती पट्टी रंध्याने काढली. लाकडाचा रंग जुळणं अवघड जातं, आणि नवा साग जुन्या बर्मा सागाशेजारी पोरकट दिसतो. ओशिवऱ्याला जुन्या लाकडाच्या दुकानांतून पाडलेल्या इमारतींच्या खिडक्या-दारांचे तुकडे मिळतात. रे रोडच्या लाकूडबाजारातही विचारता येतं. हातभर तुकडा पुरतो. पट्टीला डिंक लावून लाकडी हातोडीने हलकेच ठोकायची, वरून एक-दोन मिलिमीटर उंच राहू द्यायची, आणि पूर्ण सुकल्यावरच रंध्याने सपाट करायची. पाचरीसारखी ठोकली तर तीच नव्या चिरेची सुरुवात. बसली पाहिजे, घुसायला नको.

कारण काढता येत नसेल, उदाहरणार्थ आजीच्या पेटीवर पितळी पट्ट्या आहेत आणि त्या हलवायच्या नाहीत, तर चिरेत भरायच्या लाकडी पट्टीला एकाच बाजूने डिंक लावा. दुसरी बाजू कोरडी टेकलेली राहते. हवेबरोबर तिथे केसाएवढी फट येते-जाते, पण लाकूड फाटत नाही.

जाड फळीतली चीर पुढे सरकू नये म्हणून चिरेवर आडवी, डमरूच्या आकाराची लाकडी कळ बसवतात. तिच्या रेषा चिरेला काटकोनात हव्यात आणि खोली फळीच्या जाडीच्या निम्म्यापर्यंत. हे काम पटाशीवर हात बसलेल्या माणसाचं आहे. मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा खाच सैल झाली. आता मेस्त्रींना बोलावते.

एक सूचना: साग आणि शिसवाचा भुसा नाका-डोळ्यांना झोंबतो, काहींना पुरळही येतो. घासताना मास्क लावा.

पॉलिश: वर जेवढं, तेवढंच खाली

टेबलाचा वरचा भाग आरशासारखा चमकतो आणि खालचा कोरा असतो. मग खालून ओलावा भराभर आत-बाहेर होतो, वरून होत नाही, आणि फळी वाटीसारखी वळते. म्हणून पॉलिशचे थर दोन्ही बाजूंना सारखे, आणि टोकांना एक जास्त. पॉलिशवाल्याला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो 'खालून कोण बघतंय' म्हणून टाळतो.

अळशीचं तेल लाकूड सुंदर दाखवतं पण ओलावा फारसा अडवत नाही. चपडा बराच अडवतो, पण गरम कप आणि सॅनिटायझर त्याला चालत नाही. पीयू (पॉलियुरेथेन) चिवट असतं, मात्र पुढे दुरुस्ती करताना ते खरवडून काढणं जिवावर येतं. जुन्या वस्तूवर मी चपडा आणि वर मेण, रोजच्या जेवणाच्या टेबलावर पीयू, असं ठेवते. स्पिरिट पॉलिश, म्हणजे हेच चपड्याचं, पावसाळ्यात करू नका. हवेतल्या दमटपणाने ते पांढुरकं पडतं.

अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून डब्यात टाकू नका. ती सुकताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. बाहेर सुटी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून मगच टाका.

पुढच्या वेळी चीर पडू नये म्हणून

घरात हवेची आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र लावा, काही शे रुपयांत येतं. आकडा किती यापेक्षा तो दिवसात किती उड्या मारतो ते बघा. रात्री ४५ आणि सकाळी खिडक्या उघडल्यावर ८० असं रोज होत असेल तर भरीव लाकडाची मोठी वस्तू त्या खोलीत नको. एसी २६ वर, झोत छताकडे, आणि वस्तू झोताच्या वाटेत नाही, एवढं पाळलं तरी खूप. कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन बोटं पुढे ठेवा.

नवी वस्तू घेताना दुकानदाराला लाकूड कोणतं हे विचारता तसं ओलावा किती हेही विचारा. दोन पिना टोचून मोजणारं मीटर हजार-दोन हजारांत मिळतं; खालच्या बाजूला टोचून बघा. मुंबईच्या घरासाठी १० ते १२ टक्के मला बरं वाटतं. १८ दाखवत असेल तर ते एसीच्या खोलीत फाटणारच. उलटही होतं: कोरड्या राजस्थानात बनवलेलं शिसमाचं कपाट जूनमध्ये इथे आलं की फुगतं, खण अडकतात. तेव्हा रंधा मारून घेऊ नका. दोन महिने थांबा, नाहीतर हिवाळ्यात खण खुळखुळतील. आणि टेबलाखाली वाकून बघायला लाजू नका. स्क्रूंना सरकायला जागा ठेवलेली असेल तर बनवणाऱ्याला लाकूड कळतं.

गणपतीचा चौरंग हा आमच्याकडचा दर वर्षीचा रुग्ण. दहा दिवस पाणी, दूध, ओली फुलं, मग विसर्जनाच्या घाईत पुसून थेट स्वयंपाकघराच्या माळ्यावर, जिथे गॅसची सगळी धग जमते. त्याऐवजी आठवडाभर हॉलच्या कोपऱ्यात सावलीत उभा ठेवा, मग सुती कापडात गुंडाळून वर टाका. प्लॅस्टिकमध्ये नको.

काही गोष्टी दुरुस्त करूच नयेत. झोपाळ्याच्या फळीला कड्यांच्या भोकाजवळ चीर असेल तर फळी बदला, डिंकावर माणसाचा जीव टांगू नका. पलंगाची बाजूची पट्टी हूकजवळ फाटली असेल तर तीही नवीच.

आणि पोळपाट. त्याला फेविकॉल, फेविक्विक, इपॉक्सी काहीही लावू नका, तो पोटात जाणारा भाग आहे. केसाएवढी चीर असेल तर धुऊन चार दिवस सावलीत सुकवा आणि मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन तीन-चार वेळा चोळा. खायचं तेल खवट होतं. पुढे सिंकमध्ये भिजत ठेवायचा नाही, धुतला की आडवा नाही, उभा वाळवायचा. चिरेत कणीक अडकायला लागली की मात्र तो चुलीत.